धागा : आपलं सगळं नीट चाललंय, मग 'विश्वासासाठी दुःख सोसणं' आपल्याला कुठे लागू होतं?

द्राक्षवेल :
सलाम मंडळी. आमच्या गंगापूर रोडच्या घरगुती प्रार्थना गटात सध्या बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र चाललंय आणि चौथ्या अध्यायाशी येऊन गाडी अडलीये. पेत्र म्हणतो ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाजू नका, उलट देवाचं गौरव करा. आता आमच्या गटात कोण कोण, तर दोघं बँकेतले, एक फार्मा कंपनीतले, एक डेंटिस्ट, मी सीए. सगळ्यांची स्वतःची घरं, मुलं चांगल्या शाळेत, कोणी आपल्याला दगड मारायला येत नाही. त्यात एकीने सांगितलं की ऑफिसात डबा उघडण्याआधी डोळे मिटले की बाकीचे हसतात, हा माझा वधस्तंभ आहे. दुसरे म्हणाले रविवारी मीटिंग लावतात, उपासना चुकते, हाच छळ. कोणी खोटं बोलत नव्हतं, पण ऐकताना मला फार अस्वस्थ वाटलं, कारण ज्यांना हे पत्र लिहिलं त्यांच्या डोक्यावर खरोखरच तलवार होती.

तर प्रश्न असा की आपल्यासारख्यांनी हे वचन कसं वाचायचं? ते आपल्यासाठी नाहीच असं समजून पुढच्या अध्यायाला जायचं? की आपण कुठेतरी काहीतरी टाळतोय म्हणूनच इतके आरामात आहोत? मला उपदेश नकोय, तो रविवारी मिळतो. तुमच्या घरात, नोकरीत काय झालंय ते सांगा.

सातपूरचा_फिटर :
ताई हसतायत तर हसू द्या ना. त्याला वधस्तंभ म्हणू नका. वधस्तंभावर माणूस मरतो.

देवळाली_फौजी :
फिटरभाऊ, मला नाही पटलं. जो माणूस चार जण हसतील म्हणून डोळे मिटत नाही तो उद्या नोकरीवर बेतल्यावर उभा राहील का? थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू असं प्रभूनेच म्हटलंय. लहान गोष्टीला मोठं नाव देऊ नये हे मान्य, पण तिची किंमत शून्य करू नये.

जेलरोड_मावशी :
आम्ही कॅथलिक लोक याच्यावर लहानपणापासून वाढलो. आजी म्हणायची डोकं दुखतंय तर नुसती कुरकुर करू नकोस, येशूच्या दुःखात मिसळ आणि कोणासाठी तरी दे. पौलाचं कलस्सैकरांच्या पत्रात आहे बघा, तो आपली दुःखं मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी सोसतो आणि त्यात आनंद मानतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण नाही, क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना करायची, वाचलेले पैसे गरिबांच्या डब्यात. छळ नाही हा, हे स्वतःहून घेतलेलं आहे. पण सुखात राहणाऱ्या माणसाला स्वतःहूनच घ्यावं लागणार, नाहीतर त्याला देणार कोण?

निफाडचा_सोनू :
मावशी शुक्रवारी मिसळ चालते ना? नाशिकच्या झणझणीत रश्श्याने डोळ्यातून पाणी येतं ते धरायचं का सोसण्यात?

जेलरोड_मावशी :
चालते बाळा. पण दोन प्लेट खाल्ल्यास तर उपवास मोडला.

शरणपूरकर :
विषय चांगला निघालाय, जरा मागचं सांगतो. रोज शरणपूर रोडने जाता-येता पण ही वस्ती का झाली याचा विचार फार थोडे करतात. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी ती वसवली. बाप्तिस्मा घेतला की त्या माणसाला घरात जागा नसायची, विहिरीवर पाणी नसायचं, बायकोला तिच्या माहेरचे उचलून न्यायचे, हाताला काम कोणी द्यायचं नाही. १८५० सालीच सरकारने कायदा केला होता की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, पण कायदा आहे म्हणून भाऊबंद काय जमिनीत पाय ठेवू देतात? म्हणून एकत्र राहायला जागा, शाळा, सुतारकाम लोहारकाम शिकायची सोय. आणि त्याच वस्तीत पुढे आफ्रिकेतली मुलं आली, अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रज आरमाराने पकडली त्यातली सोडवलेली. इथे ती शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ ला आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा त्यांचं शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्यांच्या शवपेटीला हात लावून चालला. नाशिकच्या शाळेतला मुलगा. एका मुलाला आईबापापासून तोडून विकलं, त्याने तोच देव धरला ज्याचं नाव घेणारेही गुलामांचा व्यापार करून गेले होते, यावर मी पुष्कळदा विचार करतो.

आता मुद्दा. त्या पिढीने सोसलं, त्यांच्या पोरांना मिशनच्या शाळेत शिक्षण मिळालं, त्यांची पोरं मास्तर, नर्स, कंपाउंडर झाली, माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले, मी बँकेतून रिटायर झालो, माझा मुलगा पुण्यात. म्हणजे आपलं हे सुख आकाशातून पडलेलं नाही, कोणीतरी विहीर सोडली म्हणून आपल्याकडे नळ आहे. मग सुखाबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही पण ते आपलंच आहे असं समजून बसणं मात्र मला चोरीसारखं वाटतं.

द्राक्षवेल :
काका, 'कोणीतरी विहीर सोडली' हे आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. जेकब वेनराइटबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, इतकी वर्षं त्याच रस्त्याने चर्चला जाते.

परिचारिका_सिडको :
मला एक वेगळं म्हणायचंय. आपल्यात सगळ्याच दुःखाला 'वधस्तंभ' म्हणायची सवय आहे. माझ्या नवऱ्याला कॅन्सर झाला तेव्हा चर्चमधली येणारी-जाणारी माणसं म्हणायची, सिस्टर हा तुमचा वधस्तंभ, आनंदाने उचला. मी त्यांना काही बोलले नाही पण आत जळायचं. अहो तो ख्रिस्ती होता म्हणून त्याला कॅन्सर नव्हता झाला, वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुसलमान चाचा होते त्यांनाही तोच होता. आजारात देव सोबत असतो, मी ते बघितलंय, रात्री दोन वाजता बघितलंय. पण पेत्र ज्याच्याबद्दल लिहितो ते हे नाही. तिथे दुःख टाळता येत असतं, फक्त तोंडातून एक वाक्य काढायचं, मी त्याला ओळखत नाही, की सुटका. कॅन्सरला असं कुठलं वाक्य बोलून सुटता येत नाही. माझ्या मते फरक हाच आहे, विश्वासासाठी सोसणं ते, जे तुम्हाला सोडून देता आलं असतं आणि तुम्ही सोडलं नाही.

सातपूरचा_फिटर :
सिस्टर तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आता मी लिहितो, जरा मोठं होईल.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, नाव नाही घेत. स्क्रॅप बाहेर जायचं त्याचं वजन कमी दाखवायचं आणि फरकाचे पैसे खालपासून वरपर्यंत वाटायचे, माझ्या सहीशिवाय गेटपास होत नव्हता. मी सही करणार नाही म्हटलं. कोणी मला ख्रिस्ती म्हणून शिवी दिली नाही हां, उलट म्हणायचे अरे तू तर देवमाणूस, मग देवमाणसासारखा गप्प बस. मग शिफ्ट बदलली, मग डिपार्टमेंट बदललं, मग ओव्हरटाइम बंद, मग पगारवाढीत नाव नाही, शेवटी मीच सोडलं. बायकोने दोन वर्षं ब्लाउज शिवून घर चालवलं. आमच्या मंडळीत कोणाला हा छळ वाटला नाही कारण त्यात धर्माचं नाव नव्हतं. पण मी सही केली नाही ती फक्त प्रभूमुळे, नाहीतर मला काय, सगळेच घेत होते.

त्याच अध्यायात पेत्र आधी काय म्हणतो ते बघा, चोर म्हणून, दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नका. म्हणजे त्याला माहीत होतं की दोन्ही दारं शेजारी शेजारी आहेत. द्राक्षवेलताई तुम्ही विचारलं आपल्याला हे कुठे लागू होतं. ताई तुम्ही सीए आहात. तुमच्या टेबलावर दर मार्चला लागू होतं.

देवळाली_फौजी :
फिटरभाऊ सलाम तुम्हाला. वहिनींना जास्त.

गोदाकाठ_तरुणसंघ :
पण मग आपल्याकडे जे शिकवतात ते याच्या अगदी उलट आहे ना. आम्ही मित्र मध्ये एका मोठ्या सभेला गेलो होतो, लॉनवर मंडप, एलईडी स्क्रीन, पाहुणे वक्ते. दोन तासांत एकदाही वधस्तंभ आला नाही. विश्वास ठेव आणि फ्लॅट मिळेल, विश्वास ठेव आणि व्हिसा मिळेल, दशांश दे आणि दहापट परत येईल. लोक रडत होते, मनापासून हात वर करत होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, त्यातले कित्येक खरोखर अडचणीतले असतात. पण अशा शिकवणीवर वाढलेल्या माणसाची नोकरी फिटरकाकांसारखी गेली तर तो म्हणणार माझाच विश्वास कमी पडला. दुप्पट मार.

सेमिनरीतला :
तरुणसंघाने बरोबर जागी बोट ठेवलं. सुखात राहणाऱ्या मंडळीचं काय करायचं हा प्रश्न आपल्या पिढीने शोधलेला नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात मंडळ्यांना पत्रं आहेत, त्यातली स्मुर्णा गरीब आणि छळ सोसणारी, तिला एकही दोष दिलेला नाही. लावदिकीया श्रीमंत, आणि तिला एकही शाबासकी नाही. लावदिकीया किती श्रीमंत होती तर इसवी सन ६० च्या सुमाराला भूकंपात शहर पडलं तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने त्यांनी ते उभं केलं. 'मला काही कमी नाही' हे त्यांचं बोलणं म्हणजे फुशारकी नव्हती, वस्तुस्थिती होती. आणि तरी प्रभू दाराबाहेर उभा आहे.

पुढे ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, छळ थांबला, चर्चला जमिनी आणि मान मिळायला लागला. त्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात माणसं हजारोंनी निघून गेली, उपास, श्रम, मौन, कारण त्यांना वाटलं आता शहरात ख्रिस्ती असायला काहीच पडत नाही. जेलरोडच्या मावशी जे म्हणतात त्याची मुळं तिथे आहेत.

पण दुसरी बाजूही सांगतो. दुःख ओढवून घेणं हे सुरुवातीच्या मंडळीला मान्य नव्हतं. पॉलिकार्प स्मुर्णाचा बिशप, दुसऱ्या शतकातला, त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात एक क्विंटस नावाचा माणूस येतो, तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि जंगली जनावरं बघितल्यावर घाबरून त्याने देवांना धूप जाळला. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट म्हणतात की असं स्वतःहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही. स्वतः पॉलिकार्प आधी शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. शिपाई आले तेव्हा त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी थोडा वेळ मागितला. टाळता येईल तोवर टाळा, नाकारायची वेळ आली की नाकारू नका, एवढंच.

पंचवटीकर :
मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा काल रात्रीपासून वाचतोय. सेमिनरीतला यांनी माझी शंका अर्धी फेडली, मला वाटायचं तुमच्यात दुःख हवंच असतं. आमच्या घरी वारी आहे. चोखोबा आठवले. देवाच्या दारापाशी जाऊनही आत घेतलं नाही, पायरीशी समाधी आहे पंढरपूरला. त्यांनी दुःख मागितलं नव्हतं, विठ्ठल सोडता आला नाही म्हणून सोसलं. आणि फिटर यांची गोष्ट मी घरी वडिलांना वाचून दाखवली, ते म्हणाले हा माणूस कोणत्याही देवाचा असू दे, आपल्या घरी चहाला बोलाव.

सातपूरचा_फिटर :
पंचवटीकर, येतो. खरंच येतो.

शरणपूरकर :
पंचवटीकर, आमचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुम्ही इथे लिहिलंत याचा आनंद आहे.

अंबड_लिंकरोड :
सगळे फार वरच्या पातळीवर बोलतायत. मी खालचं बोलतो. आमच्या घरी कागदावर 'हिंदू' आणि खाली जात लिहिलेली आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आम्ही दर रविवारी चर्चला, माझं दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये विश्वासाची जाहीर कबुली, झालंय. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत. १९५६ ला शीख आले त्यात, १९९० ला बौद्ध आले, आम्ही नाही. ख्रिस्ती लिहिलं की स्कॉलरशिप गेली, हॉस्टेल गेलं, नोकरीतली जागा गेली. गावात मात्र आम्हाला कोणी ख्रिस्ती म्हणून वरच्या आळीत घर दिलं नाही, तिथे जात जशीच्या तशी. वडिलांनी दाखला बदलला नाही म्हणून मी डिप्लोमा करू शकलो. आता मला मुलगी झालीये, जन्मदाखला करायचाय. रेव्हरंड म्हणतात खरं लिही. आई म्हणते वेडा आहेस का. सांगा सुखवस्तू लोकांनो.

कॉलेजरोड_जॉन :
भाऊ, कठोर वाटेल पण लिहितो. डबा खाताना प्रार्थना करणाऱ्याला आपण इतकं बोललो, मग सरकारी कागदावर प्रभूचं नाव लपवणं हे काय आहे? सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की विश्वास एक आणि आरक्षणासाठी दावा दुसरा, ही राज्यघटनेची फसवणूक आहे.

अंबड_लिंकरोड :
जॉनसर तुमच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत. तुम्हाला ख्रिस्ती लिहायला काहीच गमवावं लागलं नाही, शाळेच्या अॅडमिशनला फायदाच झाला असेल. जे लिहायला तुम्हाला फुकट पडतं ते न लिहिण्याबद्दल मला फसवणारा म्हणू नका.

वकीलदादा :
दोघंही जरा थांबा. कायद्याचं एवढंच सांगतो की त्या १९५० च्या आदेशालाच आव्हान दिलेल्या याचिका सुप्रीम कोर्टात कित्येक वर्षं आहेत आणि २०२२ ला केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला तो याच प्रश्नासाठी. म्हणजे प्रश्न खरा आहे हे सरकारलाही मान्य आहे. अंबडभाऊंनी दाखल्याचा निर्णय या धाग्यावर घेऊ नये, कागदांसकट भेटावं, फी घेणार नाही.

परिचारिका_सिडको :
जॉन, एक विचारते. अंबडने उद्या ख्रिस्ती लिहिलं आणि त्या मुलीची स्कॉलरशिप गेली, तर तिच्या बारावीची आणि नर्सिंगची फी तुम्ही भरणार का? भरणार असाल तर तुम्हाला त्याला खरं लिही म्हणायचा हक्क आहे. नसाल तर आपण आपल्या पैशाने नाही, त्याच्या पैशाने विश्वासू होतोय.

कॉलेजरोड_जॉन :
सिस्टर, याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. घरी बोलतो.

सुरगाणा_शाळा :
मी सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे, रेंज मिळेल तसं लिहितो. आमच्याकडे हा प्रश्न चर्चेचा नाही. एका पाड्यावर तीन कुटुंबं ख्रिस्ती झाली. गावदेवीच्या वर्गणीला नाही म्हटलं म्हणून त्यांच्याशी बोलणं बंद, लग्नाला बोलावणं नाही, पिठाच्या गिरणीत दळण नाही, भात लावणीला कोणी मजुरीला येत नाही. मारहाण झाली नाही म्हणून बातमी नाही. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगमध्ये चर्च जाळली गेली, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते आठवतं, त्यामुळे कोणी मोठा आवाज काढत नाही. मी दुसऱ्या बाजूचंही सांगतो, गावातले लोक काही राक्षस नाहीत, त्यांना वाटतं वर्गणी दिली नाही म्हणजे हे गाव सोडून गेले, देवी कोपेल, पाऊस जाईल. आणि बाहेरून आलेले काही प्रचारक गावदेवीबद्दल वाईटसाईट बोलून मोटारसायकलवर निघून जातात, भोगतात मागे राहिलेले.

त्यातली एक बाई मला म्हणाली, गुरुजी, नाशिकला एवढी मोठी मोठी चर्च आहेत, त्यांना आमचं माहीत आहे का. मी म्हटलं माहीत नसेल. ती म्हणाली माहीत झालं तर बरं वाटेल.

जेलरोड_मावशी :
गुरुजी वाचलं. काही लिहवत नाही. २०१५ ला लिबियाच्या किनाऱ्यावर २१ जणांना मारलं, वीस इजिप्तचे कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चचे ख्रिस्ती, आणि एक आफ्रिकेतल्या घानाचा. कोण होते ते? बांधकामावरचे मजूर, पोट भरायला परमुलखात गेलेले. २०२३ ला आमच्या कॅथलिक चर्चनेही त्यांची नावं हुतात्म्यांच्या यादीत घेतली. सोसणारे असेच असतात, साधे, आणि आपण फेब्रुवारीत बाळ येशूच्या सणाला रांगेत उभे राहून नवस बोलतो मुलाच्या प्रमोशनचा.

गोदाकाठ_तरुणसंघ :
एक विनंती, यावरून लगेच व्हॉट्सअॅप फॉरवर्ड सुरू करू नका. 'अफगाणिस्तानात उद्या २२ मिशनऱ्यांना फाशी, प्रार्थना करा' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, खोटा आहे. खोट्यासाठी गुडघे टेकतो आणि पेठ-सुरगाण्याचं खरं आपल्याला माहीत नसतं.

आई_इंदिरानगर :
मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा एमबीबीएस झाला, आता म्हणतोय आदिवासी भागातल्या मिशनच्या दवाखान्यात दोन-तीन वर्षं जातो. आम्ही दोघं घरात रोज कुटुंब प्रार्थनेत म्हणतो, प्रभू तुझ्या पिकासाठी कामकरी पाठव. आणि मुलगा म्हणाला मी जातो, तर त्याचे बाबा दोन दिवस जेवले नाहीत. पीजीची सीट जाईल, लग्न लांबेल, पगार तो काय. मीही रडले. मग मला रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विश्वासाने, पण त्याची किंमत पहिल्यांदा कोणी भरली? जलालपूरची ही मुलगी, आपल्याच नाशिकजवळची, कर्मठ घरातली, नवरा असून नसल्यासारखी जवळपास पाच वर्षं वेगळी राहिली, लोकांचे टोमणे ऐकले, तेही अशा विश्वासासाठी जो तेव्हा तिचा नव्हताच. १९०० ला तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो तिचा. आपण नेहमी जो उभा राहतो त्याच्याबद्दल बोलतो. फिटरभाऊंच्या बायकोने ब्लाउज शिवले. कोणीतरी विश्वास धरतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातलं कमी होतं, त्या दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

मुलाला मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायचं बंद केलंय.

सातपूरचा_फिटर :
ताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली पोराला जाऊ द्या, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करते म्हणाली.

सेमिनरीतला :
आईंच्या मुद्द्याला जोडून. बोनहोफर हा जर्मन पाळक १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पोचला होता, सुरक्षित, नोकरीची सोय झालेली. काही आठवड्यांतच परत फिरला, कारण आपल्या लोकांच्या संकटात सोबत नसेन तर नंतर त्यांच्यात उभं राहायचा मला हक्क राहणार नाही असं त्याला वाटलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिली. त्याने दुःख शोधलं नाही, आपली माणसं कुठे आहेत ते बघितलं आणि तिथे गेला. इब्री लोकांच्या पत्रात तेरावा अध्याय काढा, जे बंदीत आहेत त्यांची आठवण ठेवा, जणू तुम्हीच त्यांच्याबरोबर बंदीत आहात. मला वाटतं द्राक्षवेल यांच्या प्रश्नाचं उत्तर पेत्रापेक्षा या वचनात जास्त आहे. सुखात असलेल्याने दुःखाची नक्कल करायची नाही, ज्याला होतंय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. मग जे अंगावर येईल ते येईल.

द्राक्षवेल :
सगळं वाचलं, काही दोनदा. फिटरदादांनी माझ्या टेबलाबद्दल लिहिलं ते बरोबर लागलंय. एक मोठा क्लायंट आहे, दरवर्षी काही बिलं 'अॅडजस्ट' करा म्हणतो, आतापर्यंत कसंबसं परतवलं, यंदा त्याने सरळ सांगितलंय की नाही तर फाइल दुसरीकडे. ऑफिसचं अर्धं भाडं त्या एका फाइलवर निघतं. सोमवारी त्याला लेखी नाही म्हणून पाठवतेय. आज नवऱ्याला आणि ऑफिसातल्या दोन मुलींना बसवून सांगितलं, कारण आई_इंदिरानगर म्हणतात तसं, ताटातलं त्यांच्याही कमी होणार आहे, आधी विचारायला हवं.

गुरुजी, आमचा गट पुढच्या शनिवारी सुरगाण्याला येऊ का?

सुरगाणा_शाळा :
ताई राग मानू नका, पण गाड्या घेऊन, बॅनर लावून, फोटो काढायला नको. तुम्ही संध्याकाळी परत जाल आणि गाव म्हणेल बघा शहरातून माणसं आणली. एक-दोघं साध्या बसने या, बोरगाववरून, माझ्या घरी उतरा, आधी गावच्या पोलीस पाटलांना भेटू. त्या कुटुंबांना भांडण नकोय, दळण हवंय.

वकीलदादा :
गुरुजी, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात समेटाची वाटही आहे, लगेच केसच करावी लागते असं नाही. तुमच्या प्रकरणात तो कसा लावायचा हे त्या लोकांशी बोलून बघावं लागेल. मी येतो, काळा कोट न घालता.

सुरगाणा_शाळा :
या. आणि अजून एक, त्या तीन घरांतल्या दोन मुली दहावी झाल्यात, पुढे नाशिकला शिकायचं म्हणतात. हॉस्टेलचं जमत नाहीये.

जेलरोड_मावशी :
माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. मुली प्रोटेस्टंट आहेत की कॅथलिक मला विचारायचं नाही. भाडं नको, पण संध्याकाळी सातच्या आत घरी.

परिचारिका_सिडको :
एकीला नर्सिंगकडे यायचं असेल तर फॉर्मचं मी बघते. जॉन, इथे अजून आहात का?

कॉलेजरोड_जॉन :
आहे. बायकोशी बोललो. दोघींपैकी एकीची दोन वर्षांची फी आम्ही भरतो. अंबडभाऊ, तुमच्या मुलीचं दाखल्याचं काय ते तुम्ही आणि वकीलदादा ठरवा, मी त्यावर आता काही बोलणार नाही, पण ती बारावीला जाईल तेव्हाही आम्ही आहोत.

अंबड_लिंकरोड :
जॉनसर, रविवारी चर्चनंतर भेटू. मुलीला घेऊन येतो.